राखीव जागा ते पदवी: आदिवासी आणि ग्रामीण मुलांना एमबीबीएसला पोहोचवून तिथे टिकवण्याची पद्धत

मेळघाटातल्या आरोग्य केंद्रात कोरकू बाई आपले दुखणे कोरकूत सांगते, आशा ते मराठीत सांगते आणि डॉक्टर त्या तर्जुम्यावरून औषध लिहितो. माडिया, पावरी, भिली बोलणाऱ्यांचेही तेच. त्या बोलीतला डॉक्टर त्याच मुलखातून यावा लागतो. दुर्गम भागात डॉक्टर टिकवायचे तर ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय शिक्षणात आणा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये केली आणि २०२१ मध्ये पुन्हा केली.

महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यात अनुसूचित जातींना १३ आणि अनुसूचित जमातींना ७ टक्के जागा आहेत. विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग यांच्या जागा वेगळ्या. तरीही राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींमधले, म्हणजे कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड समाजातले डॉक्टर फार थोडे. मूल वाटेत गळते, आणि गळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: दहावीनंतरची निवड, जात वैधता, अकरावीचे इंग्रजी, प्रवेशाचे चार-पाच दिवस आणि एमबीबीएसचे पहिले वर्ष. शिक्षक, डॉक्टरांचे गट, सामाजिक संस्था आणि वैद्यकीय महाविद्यालये यांनी यातल्या प्रत्येक जागी नेमके काय करायचे, ते पुढे दिले आहे. दहावीपासून एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षापर्यंत चार-पाच वर्षे एकाच मुलामागे राहण्याची तयारी असेल तरच हे हाती घ्यावे.

निवड

फक्त दहावीच्या टक्क्यांवर यादी केली तर तालुक्याच्या गावात राहणारी, नोकरदार आई-वडिलांची मुले वर येतात. ती पात्र असतातच, पण तुमच्या मदतीशिवायही ती पोहोचली असती. म्हणून आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाच्या मदतीने शासकीय आणि अनुदानित आश्रमशाळा, जिल्हा परिषद शाळा आणि एकलव्य निवासी शाळांतली दहावीची मुले बोलवा आणि दोन तासांची साधी चाचणी घ्या: अपूर्णांक, गुणोत्तर, आलेख वाचणे, आणि विज्ञानाचा एक अनोळखी उतारा वाचून त्यावर पाच प्रश्न. पाठांतर किती आहे हे दहावीच्या गुणपत्रिकेत दिसतेच. नवे वाचून समजते का, हे चाचणीत पाहायचे.

पहिल्या वर्षी २५ पेक्षा जास्त मुले घेऊ नका आणि त्यात निम्म्या मुली ठेवा. निवड पक्की करण्याआधी घरी जा. मुलगी दोन वर्षे निवासी राहणार, सुट्टीत शेतीच्या कामाला येऊ शकणार नाही, मध्येच लग्नाचे ठरवायचे नाही, हे आई-वडील आणि आजी-आजोबांसमोर स्पष्ट बोला. बारावीच्या ऐन जानेवारीत गैरहजेरी सुरू होते, तिचे मूळ बहुतेक वेळा न झालेल्या या बोलण्यात असते.

प्रत्येक मुलाची नोंद पहिल्याच दिवशी करा: तालुका, जमात किंवा जात, शाळेचा प्रकार, माध्यम, आईचे शिक्षण, घरातले कोणी कॉलेजात गेले आहे का. पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया हाच.

कागदपत्रे: अकरावीची दिवाळी ही शेवटची तारीख

सर्वाधिक जागा इथे हातच्या जातात, म्हणून इथे सविस्तर.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. दाखला उपविभागीय अधिकारी देतात. वैधता पडताळणी समिती देते, आणि वैद्यकीय प्रवेशात वैधता नसेल तर राखीव जागेवरचा हक्क टिकत नाही. अनुसूचित जाती, विमुक्त, भटके आणि इतर मागासवर्ग यांच्यासाठी जिल्हा समिती आहे. अनुसूचित जमातींसाठी वेगळी समिती, वेगळे नियम आणि वेगळे नमुने आहेत. दुसऱ्याच समितीकडे अर्ज गेला की महिने वाया जातात.

जिल्हा समितीकडे शिक्षणासाठीचा अर्ज नमुना १६ मध्ये करायचा. सोबत वंशावळीचे शपथपत्र नमुना ३, दुसरे शपथपत्र नमुना १७ आणि कनिष्ठ महाविद्यालयाचे पत्र नमुना १५-अ. अकरावी विज्ञानाला प्रवेश झाला की अर्ज करता येतो. बारावीच्या निकालापर्यंत थांबणे ही सर्वात महागात पडणारी चूक.

पुरावा कोणत्या तारखेच्या आधीचा लागतो, हे प्रवर्गावर ठरते: अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमाती २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधीची जातीची नोंद किंवा वास्तव्य दाखवणारा कागद शोधायचा. शोधण्याचा क्रम असा ठेवा:

१. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाची वैधता झाली आहे का? काका, आत्या, चुलत भाऊ. असेल तर तेच प्रमाणपत्र आणि तिथपर्यंत जोडणारी वंशावळ सर्वात मोलाची.
२. आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा यांचा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. मुख्याध्यापकांकडून सही-शिक्क्याचा घ्या.
३. तहसीलच्या अभिलेख कक्षातली जन्म-मृत्यू नोंद, म्हणजे गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक.
४. जुने सातबारा, फेरफार, हक्कनोंदणी, वनजमिनीचे कागद. यांत जात नसली तरी वास्तव्य सिद्ध होते.

आश्रमशाळेतल्या मुलांचे आजोबा बहुधा शाळेत गेलेलेच नसतात. म्हणून तिथे तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर जोर द्यावा लागतो. जुनी मोडी नोंद सापडली तर मान्यताप्राप्त मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून जोडा. अनुसूचित जमातींच्या प्रकरणात दक्षता पथक चौकशीला घरी येते आणि चालीरीती, देवदेवता, कुळे विचारते. मूल लहानपणापासून वसतिगृहात वाढलेले असेल तर त्याला सगळे सांगता येत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्या दिवशी हजर राहावे. फक्त या आप्तभाव चाचणीत कमी पडले म्हणून दावा आपोआप फेटाळता येत नाही, ती एकमेव कसोटी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ च्या निकालात सांगितले आहे. प्रकरण अडले तर लेखी उत्तरात त्याचा आधार घ्यावा.

अर्जात त्रुटी निघतात त्या बहुतेक नावांच्या. आजोबांचे नाव एका कागदावर ‘लाल्या’, दुसऱ्यावर ‘लालू’; आडनाव एकीकडे कुळाचे, दुसरीकडे गावाचे. अशा प्रत्येक फरकासाठी ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे वेगळे शपथपत्र सुरुवातीलाच लावा. आक्षेप येण्याची वाट पाहू नका.

विमुक्त, भटके, इतर मागासवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग यांना नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रही लागते. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून कोणत्या वर्षापर्यंत वैध आहे ते वाचूनच घ्या. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे आणि त्यात पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. अनेक पालक हे माहीत नसल्याने अर्जच करत नाहीत. १५ टक्के अखिल भारतीय कोट्यासाठी इतर मागासवर्ग आणि आर्थिक दुर्बल घटकांचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात वेगळे काढावे लागते. राज्याचे तिथे चालत नाही.

शेवटी आधार, दहावीचे प्रमाणपत्र, जातीचा दाखला आणि बँक खाते यांवरचे नाव आणि जन्मतारीख अक्षरश: एक असल्याची खात्री करा. दुरुस्ती अकरावीत करा, मे महिन्यात होत नाही.

दोन वर्षांचा अभ्यास

एमबीबीएसच्या प्रवेशासाठीच्या ‘नीट’ परीक्षेत ७२० गुण. २०२५ पासून १८० प्रश्न आणि १८० मिनिटे: भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५, जीवशास्त्र ९०. बरोबर उत्तराला ४, चुकीला उणे १. प्रश्नपत्रिका मराठीतही घेता येते, मात्र भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात. मराठी पर्याय निवडला तर इंग्रजीसोबत दोन्ही समोर असतात. इंग्रजीतून शिकलेल्या पण मराठीत पटकन वाचणाऱ्या मुलांना याचा उपयोग होतो. दहावीपर्यंत मराठीत शिकलेले मूल अकरावीला अचानक इंग्रजी पुस्तकांत पडते. तंतुकणिका, अपवर्तन, संयुजा, संवेग हे त्याला येत असते, फक्त इंग्रजी नावाने ओळखू येत नाही.

म्हणून पहिले ८ आठवडे नीटचा अभ्यास नको. रोज दीड तास विज्ञानाच्या शब्दांचे इंग्रजी-मराठी टिपण, दहावीच्याच धड्यांवर. रोज दीड तास गणित: घातांक, लॉगॅरिदम, त्रिकोणमितीची मूळ सूत्रे, सदिश, आलेखाचा चढ. जीवशास्त्राचे विद्यार्थी अकरावीला गणित सोडतात आणि मग भौतिकशास्त्रात १८० पैकी ४० गुणांवर अडकतात. कारण भौतिकशास्त्र अवघड हे नसते, त्यामागचे गणित कधी शिकवलेच गेलेले नसते.

पुढे जीवशास्त्रासाठी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके ओळ न् ओळ वाचावीत. राज्य मंडळाच्या पुस्तकावर बारावी पास होता येते, पण नीटचे प्रश्न एनसीईआरटीच्या वाक्यांतून येतात. दर रविवारी ४५ प्रश्नांची चाचणी, महिन्यातून एकदा पूर्ण ३ तासांची, खऱ्या ओएमआर कागदावर बॉलपेनने, दुपारी २ ते ५ या वेळेतच. ओएमआरचे गोल भरण्याची सवय नसलेले मूल शेवटच्या दहा मिनिटांत एक ओळ सरकवून सगळे घालवते.

‘येत नसेल तर सोडून दे’ हा सल्ला सरसकट देऊ नका, हिशेब करून दाखवा. चार पर्यायांत आंधळा अंदाज केला तर सरासरी पाव गुण मिळतो, म्हणजे जवळपास काहीच नाही. एक पर्याय खात्रीने खोडता आला तर सरासरी सुमारे ०.६७, दोन खोडता आले तर दीड गुण. त्यामुळे नियम असा: एकही पर्याय खोडता येत नसेल तर पुढे जा, एक जरी खोडला तरी उत्तर द्या. घाबरट मुले ३०-४० प्रश्न कोरे ठेवतात, आणि पहिल्या पिढीतल्या मुलांत हे जास्त दिसते.

शिकवणीचा खर्च नसेल तर इतर मागासवर्ग, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी नागपूरच्या महाज्योतीचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आहे, टॅब आणि डेटासह. त्याची जाहिरात दहावीच्या निकालाच्या सुमारास येते, ती चुकवू नका. बार्टी (अनुसूचित जातींसाठीची शासकीय संस्था) आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या सूचनाही पाहत राहा. पुण्यात बी. जे. मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंटसारख्या गटांत एमबीबीएसची मुलेच विनामूल्य शिकवतात. आपल्या जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आठवड्याला दोन तास मागा. २०२४ मध्ये गडचिरोली, हिंगोली, वाशिम, बुलढाण्यासह दहा नवी महाविद्यालये सुरू झाली, त्यामुळे हे आता अधिक जिल्ह्यांत जमू शकते.

परीक्षेचा दिवस

केंद्र दूर पडते. भामरागडहून गडचिरोलीच दीडशे किलोमीटरहून लांब. आदल्या दिवशी संध्याकाळी केंद्राच्या गावी मुक्काम करा आणि केंद्र प्रत्यक्ष पाहून या. दीडनंतर फाटक बंद होते. प्रवेशपत्रावर पोस्टकार्ड आकाराचा फोटो मागितला असेल तो घरीच चिकटवा.

प्रवेशफेरी आणि पैसा

निकालानंतर दोन वेगळ्या नोंदण्या करायच्या असतात: अखिल भारतीय कोट्यासाठी एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे, आणि राज्यासाठी सीईटी कक्षाकडे. बरीच मुले एकच करतात. पसंतीक्रमात शासकीय आणि महापालिकेची सगळी महाविद्यालये आधी, घरापासूनचे अंतर नंतर. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठीची ७०:३० ही विभागवार पद्धत २०२० मध्ये रद्द झाली. त्यामुळे गडचिरोली किंवा नंदुरबारची जागाही राज्यभराच्या गुणवत्तेवर भरते आणि आपल्याच जिल्ह्यात जागा मिळेल हे गृहीत धरता येत नाही. अंतराला घाबरून यादी लहान ठेवणारे मूल मिळणारी जागा गमावते.

डोंगरी भाग, अनाथ, अपंगत्व, महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभाग या समांतर आरक्षणांचे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत वेगळ्या राखलेल्या जागांचे, दाखले लागू असतील तर नोंदणीच्या वेळीच जोडा. नंतर प्रवर्ग बदलून मिळत नाही.

जागा मिळाल्यावर रुजू व्हायला चार-पाच दिवस असतात. फाइल आधीच तयार हवी: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास व राष्ट्रीयत्व, जात, वैधता, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्न, नीटचे प्रवेशपत्र आणि निकाल, वैद्यकीय तंदुरुस्ती, वर्ष गेले असेल तर खंडाचे शपथपत्र. प्रत्येकाच्या पाच छायाप्रती.

अनुसूचित जाती-जमातींना अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर भारत सरकार शिष्यवृत्ती आणि त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी, राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर मिळते. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींचे पूर्ण शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी अनुसूचित जातींना स्वाधार आणि जमातींना स्वयम् योजना आहे. पण हा पैसा प्रवेशानंतर काही महिन्यांनी येतो, आणि खाणावळ, वसतिगृहाची अनामत, ॲप्रन, पुस्तके, हाडांचा संच यांचे पैसे पहिल्याच आठवड्यात द्यावे लागतात. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्यामागे ₹४०,००० चा बिनव्याजी फिरता निधी ठेवा. शिष्यवृत्ती आली की परत, आणि तोच पैसा पुढच्या वर्षी पुढच्या मुलाला. सावकाराकडे किंवा गहाणाला जाणारी जमीन यातून वाचते.

शिष्यवृत्ती अडण्याचे नेहमीचे कारण बँक खाते. ‘छोटे खाते’ असेल तर वर्षाला एक लाखाच्या वर रक्कम जमा होत नाही. केवायसी पूर्ण करून नियमित बचत खाते करा आणि आधार त्याच खात्याशी सीड झाल्याचे, म्हणजे जोडले गेल्याचे, बँकेतून तपासून घ्या.

पहिले वर्ष: हे काम महाविद्यालयाचे

इथून पुढे जबाबदारी अधिष्ठाता आणि शिक्षकांची. पहिल्या एमबीबीएसला जास्तीत जास्त चार प्रयत्न आहेत आणि पूर्ण अभ्यासक्रमाला नऊ वर्षे. विद्यापीठाच्या परीक्षेला बसायला थिअरीत ७५ आणि प्रात्यक्षिकात ८० टक्के हजेरी लागते. पहिली चाचणी नापास, मग वर्गात बसायची लाज, मग हजेरी कमी, मग परीक्षेला बसताच येत नाही, अशी ती घसरण आहे आणि ती पहिल्या तीन महिन्यांतच रोखता येते.

पहिली गोष्ट, हजेरीक्रमांक नीटच्या गुणवत्तेनुसार देऊ नका. यादीत शेवटचे वीस कोण, हे वर्गाला पहिल्याच दिवशी कळते, शवविच्छेदनाच्या टेबलावरचे गटही त्याच क्रमाने पडतात आणि राखीव जागेची मुले एका टेबलावर एकत्र येतात. आडनावाने नको, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाच्या अकारविल्हेने क्रमांक द्या. वसतिगृहातल्या खोल्या चिठ्ठ्या टाकून. फलकावर लावलेल्या कोणत्याही यादीत प्रवर्गाचा रकाना नको. शिष्यवृत्तीच्या नोटिशीही नावे वाचून न दाखवता थेट संदेशाने पाठवा.

दुसरी, पाचव्या आठवड्यात शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन यांची २० गुणांची छोटी चाचणी घ्या आणि ८ गुणांच्या आतल्या सर्वांशी एकेकट्याने बोला. नापास होण्याची कारणे वेगवेगळी असतात: कोणाला विषय समजतो पण इंग्रजीत लिहिता येत नाही, कोणाला लिहिता येते पण तोंडी परीक्षेत शब्द फुटत नाही, कोणी रात्री मोबाइलवर घरचे प्रश्न सोडवत असतो. लिहिता न येणाऱ्याला आठवड्याला तीन लघुत्तरे लिहायला देऊन तपासून द्या. तोंडी परीक्षेला घाबरणाऱ्याला चार जणांच्या गटात रोज पाच मिनिटे हाड हातात घेऊन मोठ्याने वर्णन करायला लावा. सहा आठवड्यांत फरक दिसतो. हे वर्ग सर्वांना खुले ठेवा. ‘राखीववाल्यांचा रिमेडियल’ असे नाव पडले की ज्यांना गरज आहे तेच येत नाहीत.

तिसरी, एका शिक्षकामागे पाच विद्यार्थी आणि महिन्यातून एक ठरलेली भेट. सोबत त्याच पार्श्वभूमीचा एक वरचा विद्यार्थी.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत १९६९ पासून प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) अभ्यासक्रमातही कुटुंब दत्तक उपक्रम आहे. तिथे बोली जाणणाऱ्या विद्यार्थ्याला गटाचा नेता करा. वर्गात मागे बसणारे मूल पाड्यावर सगळ्यांच्या पुढे असते, आणि वर्गमित्रांना ते दिसले पाहिजे.

छळ झाला तर

२०१९ मध्ये मुंबईत, वरिष्ठांकडून जातीवरून छळ झाल्याच्या आरोपांमुळे गाजलेल्या, आदिवासी निवासी डॉक्टर पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर हा विषय बाजूला ठेवणे कोणत्याही महाविद्यालयाला शोभणारे नाही. ‘कितव्या रँकने आलीस?’ हा प्रश्न पहिल्या आठवड्यापासून विचारला जातो आणि तो निरुपद्रवी नाही. अँटी-रॅगिंग समिती कनिष्ठांच्या छळासाठी असते. जातीवरून होणाऱ्या अपमानासाठी समान संधी कक्ष किंवा अनुसूचित जाती-जमाती कक्ष वेगळा आणि चालू हवा, आणि त्यात ज्या विभागाविरुद्ध तक्रार आहे त्या विभागाचा कोणीही नको. तक्रार तोंडी आली तरी कक्षाने ती लिहून घ्यावी, तारीख घालावी आणि प्रत विद्यार्थ्याला द्यावी. रॅगिंगसाठी राष्ट्रीय मदतक्रमांक १८००-१८०-५५२२, अत्याचार प्रतिबंधासाठी १४५६६, मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६. हे तिन्ही वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर लावा.

अपंगत्व असलेले विद्यार्थी

पाच टक्के जागा असूनही इथे तपासणी मंडळच वाट अडवत आले. सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ ला स्पष्ट केले की केवळ ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व आहे म्हणून अपात्र ठरवता येणार नाही. विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकतो का, हे मंडळाने तपासून कारणे लिहावीत. २०२५ मध्ये ‘दोन्ही हात धडधाकट हवेत’ या अटीवरही न्यायालयाने ताशेरे ओढले. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचे राष्ट्रीय ओळखपत्र, अकरावीत काढा, तपासणी ठरवून दिलेल्या केंद्रातच करून घ्या आणि नकार आला तर कारणांसह लेखी मागा. लेखी नकार हातात असेल तरच पुढे दाद लवकर मागता येते.

शासनाकडे काय मागायचे

तामिळनाडूने २०२० मध्ये कायदा करून, सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्यांना वैद्यकीय जागांत ७.५ टक्के समांतर आरक्षण दिले. पहिल्याच वर्षी एमबीबीएस आणि दंतवैद्यक मिळून चारशेच्या आसपास जागा या मुलांसाठी निघाल्या, आणि त्यांचे शुल्कही राज्याने उचलले. मध्य प्रदेशानेही नंतर पाच टक्के ठेवले. जातीच्या दाखल्यावर शाळा दिसत नाही. एकाच प्रवर्गात मोठ्या शहरातल्या शिकवणीचे मूल आणि धडगावच्या आश्रमशाळेचे मूल समोरासमोर येतात. महाराष्ट्रात आहे ते आरक्षण न हलवता, प्रत्येक प्रवर्गाच्या आत आश्रमशाळा आणि जिल्हा परिषद शाळांसाठी अशी समांतर टक्केवारी मागणे रास्त आहे. मागणी करताना सुरुवातीच्या नोंदवहीतले आकडे जोडा.

त्या नोंदवहीत प्रत्येक मुलापुढे आठ टप्प्यांच्या तारखा भरत जा: निवड, वैधता मिळाली, परीक्षा दिली, पात्र झाले, जागा मिळाली, रुजू झाले, पहिले वर्ष पहिल्या प्रयत्नात पास, इंटर्नशिप पूर्ण. फलकावर ‘आमचे सहा निवडले गेले’ असे लावले जाते, पण संस्थेने स्वतःचे काम पहिल्या वर्षाच्या निकालावर मोजावे. ज्या टप्प्यावर दोनहून जास्त मुले थांबली, पुढच्या वर्षीचा माणूस आणि पैसा त्या टप्प्यावर लावावा. नावे आणि जाती बाहेर देऊ नयेत, फक्त बेरजा.

इंटर्नशिपनंतर शासकीय महाविद्यालयातल्या पदवीधरांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते, नाहीतर ₹१० लाख दंड. पदांचे वाटप सुरू होण्याच्या दोन महिने आधी आपल्या जिल्ह्यातल्या रिक्त प्राथमिक आरोग्य केंद्रांची यादी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून घ्या. तिथे राहायची खोली, पाणी आणि सोबतची परिचारिका आहे का, ते स्वतः पाहून या, आणि ती यादी या नव्या डॉक्टरांच्या हाती द्या.